नको म्हटल्यानंतर

सून घरात आली त्या पहिल्याच रविवारी मी जेवणावरून अर्धपोटी उठलो.

बायकोनं पाटवडीचा रस्सा केला होता. रस्सा झणझणीत होता आणि भूकही चांगली लागली होती. सून पोळ्यांची टोपली घेऊन माझ्याजवळ आली. "बाबा, पोळी?" मी ताटावर हात आडवा धरला आणि म्हणालो, "नको, नको." ती हसली, मान हलवली आणि टोपली घेऊन सरळ स्वयंपाकघरात गेली. मी हात तसाच ताटावर ठेवून बसलो. ती परत आली ती ताकाचं पातेलं घेऊन. एव्हाना मला राग आला होता, म्हणून ताकालाही नको म्हणालो. ताकही परत गेलं.

बायको समोर बसून पदर तोंडाला लावून हसत होती. "उठा आता," ती म्हणाली. "पोरीनं विचारलं, तुमी सांगतलं. झालं."

सून जर्मनीची. मुलगा तिकडे सूतगिरणीच्या यंत्रांचं शिकायला गेला होता आणि ती तिथे हातमागावरचं विणकाम शिकवत होती. लग्न करून दोघं इथे वर्ध्याजवळ पिपरी मेघेला माझ्या घरी आले. काही महिने राहून पाहतो, मग कुठे राहायचं ते ठरवतो, असं मुलानं सांगितलं होतं. ती मराठी शिकली ती माझ्या बायकोकडून, ओट्यापाशी उभी राहून. त्यामुळे तिच्या बोलण्यात 'मले', 'तुले', 'काऊन' असंच येतं. शेजारच्या बायका मुद्दाम तिला बोलतं करायला यायच्या आणि तोंडभर हसून जायच्या. तीही त्यांच्याबरोबर हसायची. पोरगी वाईट नव्हती, हे मी पहिल्या दिवसापासून मानतो. पण ती कोणतीही गोष्ट एकदाच विचारायची.

आमच्याकडे पहिलं नको कुणी मनावर घेत नाही. पंगतीत वाढपी जिलेबी घेऊन आला की माणूस दोन्ही हात ताटावर धरतो, पुढे वाकून अंगानं ताट झाकतो. वाढपी बोटांच्या फटीतून जिलेबी सोडतो. मग माणूस "काय बाप्पा, किती वाढून राह्यले" असं म्हणतो आणि खातो. हात धरला नाही तर तो हावरा दिसतो. वाढप्यानं खरंच ऐकलं तर यजमान चिक्कू ठरतो. दोघांनाही आपापलं काम माहीत असतं.

मी तर आयुष्यभर याच शब्दावर धंदा केला. माझा व्यवसाय जुन्या सामानाचा. पुलगावला लष्कराच्या डेपोत नोकरीला असलेल्या लोकांच्या बदल्या होतात, कुणी आसामला जातो, कुणी पंजाबला. जाताना कूलर, कपाट, दिवाण असलं अवजड सामान इथेच विकून जातात. मी ढकलगाडी घेऊन त्यांच्या दारोदार फिरलो, तेव्हा माझ्याकडे सायकलसुद्धा नव्हती. आज वर्ध्यात रस्त्यावर दुकान आहे, मागे पत्र्याचं मोठं गोडाऊन आहे, आणि उन्हाळ्याआधी मी स्वतः पत्रा कापून कूलर बनवतो. हे सगळं मी कुणाच्या मेहेरबानीवर उभं केलेलं नाही.

त्या दारांवर मी भारतभरचं 'नाही' ऐकलं. एक पंजाबी बाई होत्या. त्या "नहीं भैया, बिल्कुल नहीं" म्हणत म्हणत माझ्यासाठी खुर्ची ओढायच्या, म्हणजे बसा, अजून बोलू. एका बंगाली बाबूंचं 'नाही' इतकं लांबलचक होतं की त्यात त्यांच्या सासऱ्यांनी तो दिवाण कसा करवून घेतला ते सगळं आलं. एक तेलुगू हवालदार तोंडानं काहीच बोलायचा नाही, नुसता कपाटाच्या दारावरून हात फिरवत राहायचा. मी पण नाही म्हणायचो, पाठ फिरवायचो आणि फाटकापर्यंत सावकाश चालायचो. फाटकाची कडी काढायच्या आत मागून हाक यायची. आली की मी समजायचो, आता खरं बोलणं सुरू झालं.

एकदाच हाक आली नाही. पहाडाकडचा एक तरुण होता, त्याचा फ्रिज होता. त्यानं आपली किंमत सांगितली, मी नाही म्हणालो आणि चालू लागलो. फाटक आलं, रस्ता आला, मी कोपऱ्यापर्यंत गेलो. परत वळून पाहिलं तर तो फ्रिजला दोरी बांधत होता, ट्रकमध्ये चढवायला. मी हे दुकानात सांगून लोकांना खूप हसवलं. म्हणालो, एवढा मोठा फ्रिज पहाडावर नेला पण एक हाक मारली नाही, कसा येडा माणूस. तो मला का हाक मारेल, हा विचार मला त्या वेळी शिवला नाही. मी नाही म्हणालो होतो, त्यानं ऐकलं होतं.

पण जेवणातली पोळी आणि फ्रिज यांच्यासाठी मी हे लिहायला बसलेलो नाही. या एका शब्दानं मला एकदा चांगलंच लुबाडलं आहे.

आमच्या वडिलांचं बाजारात किराण्याचं दुकान होतं. ते गेले, तेरवीच्या जेवणाला सगळे नातेवाईक जमले होते, आणि मोठ्या भावानं सगळ्यांच्या देखत मला विचारलं, "तुले दुकानात हिस्सा पायजे काय रे?" बाप जाऊन दोन आठवडे झाले नव्हते. अशा वेळी कोण हो म्हणेल? मी मान खाली घातली आणि म्हणालो, "नको दादा, तूच पाह्य." मला वाटलं, तो म्हणेल, नको कसं, तुझं पण आहे. मामा मध्ये बोलतील. रीतच आहे तशी. भाऊ म्हणाला, "बरं." आणि ताक कुणाला पाहिजे ते पाहायला पंगतीत निघून गेला. त्यानंतर त्यानं पुन्हा विचारलं नाही. पुढे कुणी विषय काढला की तो शांतपणे सांगायचा, "मी तं विचारलं होतं बा. तोच नको म्हणे." साक्षीदार अख्खी पंगत.

त्याला माझ्या नकोचा अर्थ माहीत नव्हता, असं कुणी मला सांगू नये. एका आईच्या हातचं आम्ही जेवलो. त्याच्या ताटावरचा हात आईनं हजार वेळा बाजूला केला होता. तो सगळं जाणत होता आणि म्हणूनच त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही. हे मी अजून विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही. तेव्हापासून मला कुणी एकदाच विचारलं की माझ्या डोक्यात आग पेटते. आणि आता घरात अशी सून आली होती जी मला रोज एकदाच विचारायची.

मग गोडाऊनची गोष्ट झाली.

दुकानामागचं गोडाऊन बऱ्याच दिवसांपासून रिकामं होतं. भाड्यानं मागणारे पुष्कळ आले, सिमेंटवाले, खतवाले. मी कुणाला दिलं नाही. चांगलं गिऱ्हाईक येत नाही, असं सांगायचो. खरं कारण बायकोलाही सांगितलं नव्हतं, पण तिला माहीत असणार. मुलगा परत येईल आणि तिथे काहीतरी सुरू करेल, म्हणून मी ते धरून ठेवलं होतं. त्याला मी हे कधी बोललो नाही. मी बोललो असतो तर त्यानं उपकार केल्यासारखं केलं असतं. त्यानं मागावं, असं मला वाटत होतं.

एके सकाळी तर्रीपोहे खाताना सुनेनं बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाबा, मले गोडाऊन पायजे. मी तिथं माग लावतो. आमी इथंच राहतो. चालते काय?"

बायका 'लावतो' म्हणत नाहीत, हे तिला अजून जमलं नव्हतं. मुलगा तिच्या शेजारी बसला होता आणि पोह्यांकडे पाहत होता. मी इतकी वर्षं जे ऐकायची वाट पाहत होतो, ते तिनं पोह्यांवर लिंबू पिळावं इतक्या सहज सांगून टाकलं होतं. आणि मी काय म्हणालो?

"नको बा. तिथं पत्रा तापते. तुमाले काय जमते ते. तुमी आपले मोठ्या शहरात जा, आमचं काय, आमचं चालते."

सून म्हणाली, "बरं."

आणि बशी उचलून आत गेली.

मला खात्री होती, संध्याकाळी ती पुन्हा विचारेल, किंवा मुलगा विचारेल. मी उत्तर पण तयार ठेवलं होतं. आधी थोडे आढेवेढे, मग त्यांच्या हट्टापुढे हार मानायची, आणि किल्ल्या टेबलावर ठेवायच्या. संध्याकाळी कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यातही नाही. मी दुकानात कामगारांवर ओरडू लागलो. कूलरचा एक सांगाडा वाकडा जोडला म्हणून मी तो उचलून आपटला, आणि तो वाकडा नव्हता. घरी आलो की मी गोडाऊनचा विषय आडून आडून काढायचो. आज गोडाऊन झाडून घेतलं, म्हणायचो. तिथं दुपारी वारा चांगला येतो, म्हणायचो. सून म्हणायची, "हो काय?" आणि भाजी चिरत राहायची.

बायको म्हणाली, "सरळ सांगून टाका ना तिले."

"मी काऊन सांगू? तिले गरज आहे, तिनं विचारावं."

"तिनं विचारलं होतं."

"एकदा!" मी ओरडलो. "एकदा विचारणं म्हणजे काय विचारणं असते?"

एका सकाळी मुलगा दुकानात आला. मी ग्राइंडर लावून पत्रा कापत होतो. तो म्हणाला, "बाबा, तुमचा तो टेम्पोवाला नागपूरपर्यंत येईल काय?"

"कायले?"

"सामान आहे. थोडंच."

"कोणाचं?"

"आमचं. तमिळनाडूत एक विणकरांची संस्था आहे, ते जागा देतो म्हणाले. पुढच्या आठवड्यात निघू."

मी ग्राइंडर बंद केला. कामगार इकडेतिकडे पाहू लागले. मी स्कूटर काढली आणि घरी आलो. अंगणात खोके होते. माझ्याच दुकानातले, कूलरच्या मोटारींचे रिकामे खोके. सून त्यांत सुताच्या गुंड्या भरत होती आणि वरून चिकटपट्टी लावत होती. माणसं घर सोडताना कशी दिसतात, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल. आधी स्वयंपाकघर मोकळं होतं, मग भिंतीवरचे खिळे दिसू लागतात. अशा घरांत शिरून मी सामानाला नावं ठेवत आलो, भाव पाडत आलो. या अंगणात मला बोलायला भावच नव्हता.

मागून मुलगा आला. मी त्याच्यावरच सुटलो.

"माह्या घरातून जायचं ठरवलं अन् मलेच टेम्पो विचारते?"

"बाबा, तुम्हीच नको म्हणाले होते."

"अबे, म्हटलं असेल! तू तं इथं जन्मला ना? तुले बी नाई समजत?"

तो म्हणाला, "नाही समजत, बाबा. तुमचं खरं नको कोणतं अन् वरवरचं कोणतं, मला लहानपणापासून अंदाजच करावा लागला. कधी बरोबर येतो, कधी चुकतो. या वेळी मी अंदाज करत बसलो नाही."

हे मला लागलं. पण राग तेवढ्यानं उतरणारा नव्हता, म्हणून मी सुनेकडे वळलो.

"अन् तू? एकदाच विचारलं. दुसऱ्यांदा काऊन नाई विचारलं?"

"काऊन विचारू?" ती उभी राहिली. चिकटपट्टी तिच्या हातातच होती. "तुमी नको म्हनलं."

"आमच्यात नको म्हटल्यावर विचारतात."

"आमच्यात नाई विचारत." तिनं शब्द शोधले. "माही आजी एकटी राहे. तिले कोनी एकच गोष्ट दोनदा विचारली तं लय राग ये. म्हने, मी काय लेकरू आहो? मले माहं मन नाई समजत काय? गोडाऊन तुमचं आहे, बाबा. तुमी नको म्हनलं. मी पुन्हा विचारलं असतं तं तो जोर झाला असता. मोठ्या मानसावर जोर कसा करू? मले वाटलं, मी इथं राहावं असं तुमाले वाटत नाई. लय रडली मी. पन विचारलं नाई."

बायको खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

मी तिथेच पायरीवर बसलो. भावानं दुसऱ्यांदा विचारलं नाही आणि सुनेनंही विचारलं नाही. बाहेरून पाहिलं तर दोन्ही सारखंच. पण त्याला माझा शब्द खोटा आहे हे माहीत होतं, आणि त्यानं तो खरा धरल्यासारखं केलं. हिनं तो मनापासून खरा धरला. माझ्या तोंडून निघालेल्या शब्दाला इतकी किंमत कुणी दिली होती, मला आठवेना. माझं बोलणं सगळे वरवर घेत आले, आणि मीही सगळ्यांचं बोलणं तसंच घेत आलो. त्या पोरीनं रडून घेतलं, पण माझा शब्द मोडला नाही.

"मग आता विचार," मी म्हणालो. आवाज मोठाच निघाला.

"नाई."

"काऊन नाई?"

"आता तुमी सांगा."

धंद्यात मी पहिला आकडा कधी सांगितला नाही. समोरच्याला बोलू द्यायचं, हेच मला येतं. मी वाट पाहिली. तीही उभी राहिली. ती पापणीसुद्धा हलवेना.

"बोला ना आता," खाटेवरून बायको म्हणाली. "दुकानात तं गिऱ्हाइकाले तोंड उघडू देत नाई."

"गोडाऊन तसं रिकामंच आहे," मी म्हणालो.

सून ऐकत होती.

"पत्रा तापते, पण मोठा कूलर बसवला तं होऊन जाते."

ती अजून ऐकत होती. मग तिनं विचारलं, "बाबा, हे हो आहे का नको आहे?"

मुलगा हसला. मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली.

"राहा," मी म्हणालो. शब्द इतका लहान आवाजात निघाला की मलाच तो परका वाटला. म्हणून मग ओरडलो, "राहा म्हटलं ना! गोडाऊन घ्या, माग लावा, इथंच राहा. किती वेळा सांगू?"

"एकदा बस झालं," सून म्हणाली. तिनं डोळे पुसले, खाली बसली आणि नखानं खोक्यावरची चिकटपट्टी उकरू लागली. ती निघेना, तेव्हा मुलगा सुरी घेऊन आला.

तमिळनाडूच्या लोकांना त्यानं त्याच दिवशी फोन केला. भावाशी मी अजूनही बोलत नाही आणि बोलण्याची मला काही गरज वाटत नाही. पण सुनेवरचा राग गेला, तो पुन्हा आला तर दुसऱ्या कारणांनी आला. तशी कारणं गोडाऊनमध्ये पहिल्याच दिवशी सापडली.

तिला रस्त्याच्या बाजूच्या भिंतीत खिडकी पाहिजे होती. मी म्हणालो, "नको."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "हे कोनतं नको?"

"खरं. रस्त्याची धूळ उडते, सगळी सुतावर बसेल."

"बरं," ती म्हणाली. खडू घेऊन ती उत्तरेच्या भिंतीपाशी गेली आणि पत्र्यावर एक मोठा चौकोन काढला. तिकडे निंबाचं झाड आहे आणि त्यामागे नुसती मोकळी जागा. बाजू बरोबर होती. पण चौकोन फारच मोठा होता. मी म्हणालो, एवढी खिडकी काय करायची, पाऊस आत येईल. ती म्हणाली, सुताचा रंग डोळ्यांना खरा दिसायला पाहिजे. मी म्हणालो, अर्धी कर. ती म्हणाली, नाही. मी थांबलो, सवयीनं. ती उतरली नाही. तिचं 'नाही' पहिल्यांदाच शेवटचं असतं, हे एव्हाना मला समजलं होतं, पण समजणं वेगळं आणि चरफडणं वेगळं. मी चांगला चरफडलो. समोर दुकानात कुणीतरी कूलरची चौकशी करत होतं आणि कामगार मला हाका मारत होता. मी त्याला तिथूनच ओरडून सांगितलं, थांबा म्हणावं, काम चालू आहे.

मग ग्राइंडर लावला आणि तिच्या खडूच्या रेघेवरून पत्रा कापला. ठिणग्या उडाल्या, पोरगी मागे सरली नाही. चौथी बाजू कापल्यावर पत्र्याचा तुकडा बाहेर झाडाखाली पडला आणि गोडाऊनच्या फरशीवर उजेड आला. इतक्या वर्षांत त्या फरशीवर दिवसाचा उजेड पडलेला मी पाहिला नव्हता. सिमेंटला जागोजागी भेगा गेल्या होत्या आणि एका कोपऱ्यात कूलरचं जुनं गवत कुजलं होतं. सून त्या उजेडात जाऊन उभी राहिली. पावलं टाकत टाकत तिनं दोन मागांची जागा दाखवली. पवनारचा सुतार मागांचे खांब आणणार होता. कापड निघेल की नाही, निघालं तर विकलं जाईल की नाही, हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही नाही.

मी हातमोजे काढले, खिडकीच्या कडांवरून बोट फिरवलं. कडा धारदार होत्या. त्यांना आत दुमडून चौकट लावायला हवी होती. मी कानस शोधायला दुकानाकडे निघालो.